विक्रमच्या रकान्यात काय लिहू? अंतराळ विभागाला आणि इस्रोला खुलं पत्र

प्रति,
सचिव, अंतराळ विभाग, भारत सरकार
तथा अध्यक्ष, इस्रो, बंगळुरू

स. न. वि. वि.

१२ जानेवारी २०२६ ला, सोमवारी सकाळी, आमच्या आठवीच्या वर्गात गणिताचा तास झाला नाही. गणिताच्या बाईंनीच तो सोडला. भिंतीवर प्रोजेक्टर लावून आम्ही इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचं सी६२ हे उड्डाण बघत होतो. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, प्रत्येक वेळी टाळ्या. तिसऱ्या टप्प्याच्या शेवटाला पडद्यावरची माणसं गप्प झाली, आणि मग तुमची घोषणा आली की मार्गात विचलन दिसतंय, माहितीचं विश्लेषण चालू आहे. वर्गात कुणी रडलं वगैरे नाही. मागच्या बाकावरून एकाने एवढंच विचारलं, "सर, मागच्या वेळीपण तिसराच होता ना?"

होता. १८ मे २०२५ ला त्याच रॉकेटचं आधीचं उड्डाण, सी६१, फसलं तेही तिसऱ्याच टप्प्यात. मोटरमधला दाब घसरला, एवढं तुम्ही त्या दिवशी सांगितलं होतंत. तो का घसरला, हे लोकांपुढे येण्याआधीच सी६२ उडालं. त्या पोराला मी काय उत्तर देणार? "बघू, अहवाल येईल" म्हणालो आणि प्रोजेक्टर बंद केला. पत्र लिहायचं त्याच दिवशी ठरवलं. ते उघड्यावर लिहितोय, कारण यानं ज्यांच्या पैशातून उडतात त्यांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

माझी ओळख थोडक्यात. जुन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी एकवीस वर्षं विज्ञान शिकवतो. हवा स्वच्छ असली की आमच्या गच्चीवरून खोडदच्या जीएमआरटीच्या, म्हणजे तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, डिश दिसतात. एकूण तीस आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यामुळे आमच्या मुलांना अवकाश फार लांबचं वाटत नाही. वर्षातून एकदा, २८ फेब्रुवारीच्या सुमाराला, तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं आणि अख्खा परिसर लोटतो. इस्रोवर माझा राग नाही. वर्गाच्या भिंतीवर मंगळयानाचा फोटो आहे, तो मीच नारायणगावातून फ्रेम करून आणलाय. तेव्हा हे पत्र विरोधकाचं आहे, असं कृपा करून समजू नका.

सप्टेंबर २०१९ मधली ती रात्र आठवा. गौरी-गणपतीचे दिवस होते. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. साठेक मुलं आणि त्यांच्या आया, कुणी डब्यात करंज्या आणलेल्या, कुणी थर्मासभर चहा. रात्री दीडनंतर विक्रम, म्हणजे चांद्रयान-२ चं चंद्रावर उतरणारं यान, खाली यायला लागलं. पडद्यावर एक लाल रेघ होती, ठरलेल्या मार्गाची, आणि तिच्यावरून सरकणारा हिरवा ठिपका. मुलांना त्या आलेखाचं व्याकरण मी संध्याकाळीच फळ्यावर शिकवलं होतं, त्यामुळे ठिपका रेघेवरून घसरला ते तुमच्या घोषणेआधी त्यांनीच पाहिलं. एका मुलीने माझी बाही ओढली. मग ठिपका थांबला. २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठीक होतं, नंतर संपर्क तुटला, असं जाहीर झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात तेच शिकवू लागलो: संपर्क तुटला म्हणून मोहीम फसली. ही माझी चूक. ती मी जवळजवळ चार वर्षं केली. संपर्क तुटणं हा परिणाम होता, कारण नव्हतं. ताप हा आजार नसतो, हे जो माणूस मुलांना शिकवतो, त्याला हे तेव्हाच कळायला हवं होतं.

आता तक्रारी सांगतो.

पहिली विक्रमबद्दल. अपघातानंतर दोन आठवड्यांनी मोहीम ९८ टक्के यशस्वी असल्याचं सांगण्यात आलं. ऑर्बिटर, म्हणजे चंद्राभोवती फिरत राहणारा भाग, उत्तम चालू होता, हे खरंच. पण हॉलमध्ये जागलेली मुलं ऑर्बिटरसाठी जागली नव्हती. नोव्हेंबरमध्ये लोकसभेत लेखी उत्तर आलं. ३० किलोमीटरपासून ७.४ किलोमीटरपर्यंत उतरण सुरळीत झाली, वेग सेकंदाला १६८३ मीटरवरून १४६ वर आला, त्यानंतरच्या टप्प्यात मात्र वेगातली घट ठरवल्यापेक्षा जास्त झाली आणि यान ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत आदळलं. हे उत्तर मी वर्गात वाचून दाखवलं. लगेच हात वर. "वेग जास्त कमी झाला तर यान आपटलं कसं? ब्रेक जास्त लागला तर गाडी थांबते ना?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर मिळालं जुलै २०२३ मध्ये, चांद्रयान-३ च्या तोंडावर, तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी जाहीरपणे सांगितलं तेव्हा. वेग कमी करणाऱ्या पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला. यानाने स्थिर राहून खालचे फोटो घ्यायचे होते त्या काळात चुका साठत गेल्या. नंतर त्या सगळ्या एकदम दुरुस्त करायला यानाला झपाझप वळावं लागलं, आणि वळण्याच्या वेगाला सॉफ्टवेअरने मर्यादा घातलेली. शिवाय उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर बाय ५०० मीटर, तिथेच पोचायचा आटापिटा. काय सुंदर उत्तर आहे हे! नववीच्या गती आणि बल या प्रकरणावर इतका जिवंत उतारा मला कुठल्या पुस्तकात सापडला नसता. पण ते मिळायला जवळजवळ चार वर्षं लागली, आणि मिळालं ते बोलण्यातून. अपयशाचं विश्लेषण करणाऱ्या समितीचा मूळ अहवाल आजही लोकांपुढे नाही.

यातून काय होतं, ते एका तक्त्यावरून सांगतो. सातवीतल्या एका मुलीने तालुक्याच्या प्रदर्शनासाठी 'फसलेल्या मोहिमा' असा तक्ता केला. चार रकाने: मोहीम, तारीख, काय चुकलं, पुढे काय बदललं. प्रत्येक ओळीखाली तिने आधार म्हणून कागद टाचले होते. मार्स क्लायमेट ऑर्बिटर या नासाच्या मंगळावर गेलेल्या यानाखाली चौकशी मंडळाच्या अहवालाची पानं. शियापारेली या मंगळावर उतरणाऱ्या यानाखाली युरोपीय अंतराळ संस्थेच्या अहवालाची पानं. विक्रमखाली वर्तमानपत्राचं कात्रण. परीक्षक चष्मा कपाळावर सरकवून वाकले, एकेक कागद उलटून बघितला आणि विचारलं, "बाळा, आपल्याच यानाला कात्रण का?" ती माझ्याकडे बघायला लागली. मी सॅम्पल म्हणून ठेवलेल्या परीक्षानळ्या पुसत असल्यासारखं केलं.

दुसरी तक्रार पीएसएलव्हीची. ती वर आलीच आहे, म्हणून लांबवत नाही. हे रॉकेट म्हणजे तुमची एसटी. खेडोपाडी जाणारी, भरवशाची. ओळीने दोन उड्डाणं एकाच टप्प्याशी अडखळली, तर पहिल्या वेळचं कारण दुसऱ्या उड्डाणाआधी सांगायला काय हरकत होती?

तिसरी तक्रार अशी की तुम्हाला हे येत नाही असं मुळीच नाही. उलट फार छान येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये तुमचं जीएसएलव्ही-एफ१० हे रॉकेट पडलं. कारण तुम्ही नंतर जाहीर केलंत: द्रव हायड्रोजनच्या टाकीची झडप गळत होती, त्यामुळे टाकीत पुरेसा दाब राहिला नाही. वाचल्यावर घरातला कुकर आठवला आणि मी तो वर्गात आणला. ७ ऑगस्ट २०२२ ला एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं. त्यात देशभरातल्या ७५ शाळांच्या ७५० मुलींनी मिळून केलेला आझादीसॅट हा उपग्रह होता. ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी उपग्रह ३५६ बाय ७६ च्या लंबवर्तुळात सुटले, आणि ७६ किलोमीटरवर वातावरण त्यांना जगू देत नाही. कारण काय, तर दुसरा टप्पा सुटताना क्षणभर हादरा बसला, त्वरण मोजणारी उपकरणं टोकाला जाऊन अडकली, आणि संगणकाने ती बिघडली असं ठरवून टाकलं. हेही तुम्ही सांगितलंत. म्हणजे त्या ७५० मुलींना आपला उपग्रह का गेला ते माहीत आहे. आमच्या हॉलमधल्या साठ मुलांना मात्र विक्रम का गेलं, ते चार वर्षं माहीत नव्हतं. कधी सांगायचं आणि कधी नाही, याचा काही नियम आहे का? असला तर तोच आधी जाहीर करा.

चौथी तक्रार भाषेची. जे काही येतं ते इंग्रजीत, फार तर हिंदीत. मी रात्री बसून भाषांतर करतो आणि 'सॅच्युरेशन'ला, म्हणजे उपकरण असं टोकाला जाऊन अडकण्याला, शब्द शोधत डोकं खाजवतो. शेवटी नारायणगावच्या टोमॅटो बाजारातल्या काट्याचं उदाहरण दिलं. काट्याच्या ताकदीपेक्षा जास्त क्रेट चढवले, की काटा टोकाला जाऊन टेकतो. त्याच्यापुढे दहा किलो जास्त आहेत की शंभर, ते तो सांगू शकत नाही. मुलांना पटकन कळलं. पण हे काम एकेका मास्तरने आपापल्या गावी करायचं का?

आता शियापारेलीबद्दल. ती आमच्या घरची गोष्ट आहे. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं हे छोटं यान मंगळावर उतरत होतं, आणि त्याचा क्षीण संदेश पृथ्वीवर ऐकला जात होता तो आमच्या खोडदला. उतरण्याच्या थोडं आधी तो थांबला. जगात ते सर्वांत आधी कळलं ते टोमॅटोच्या शेतांमधल्या या डिशना. पुढे मे २०१७ मध्ये चौकशीचा अहवाल जाहीर झाला. पॅराशूट उघडल्यावर यान हेलकावलं, फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण साधारण एक सेकंद टोकाला जाऊन अडकलं, तेवढ्यात संगणकाचा अंदाज इतका बिघडला की त्याच्या हिशोबाने यान जमिनीच्या खाली पोचलं होतं! उंची उणे. मग त्याने पॅराशूट सोडून दिलं आणि इंजिनं तीनच सेकंद चालवून बंद केली. प्रत्यक्षात यान जमिनीपासून साडेतीन किलोमीटरहून अधिक वर होतं.

उपकरण क्षणभर अडकणं आणि संगणकाने त्यावरून भलताच निष्कर्ष काढणं, हे मंगळावर २०१६ मध्ये झालं आणि श्रीहरिकोट्याहून उडालेल्या एसएसएलव्हीत २०२२ मध्ये. दोन्ही यंत्रं वेगळी आहेत, मला कबूल आहे, एकावरून दुसरी चूक टळलीच असती असा दावा मी करत नाही. पण दोन्ही अहवाल शेजारी ठेवले म्हणून हे साम्य सातवीतल्या मुलीला दिसलं. बंद कपाटातल्या कागदांत ते कुणाला दिसणार?

मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ ला गेलं आणि चौकशी मंडळाचा पहिला अहवाल नोव्हेंबरात आला. एका बाजूची आकडेमोड पाउंडात, दुसऱ्या बाजूची न्यूटनमध्ये, फरक ४.४५ पटींचा. जगभरच्या विज्ञान शिक्षकांना मिळालेली ही देणगीच समजा, 'एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण कापणार' म्हणताना मी ती वर्षाला चार वेळा वापरतो. मोठी संस्था इतकी बावळट चूक करते हे जाहीर झालं म्हणून नासाची अब्रू गेली का? मार्ग आखणाऱ्यांना शंका आली होती, पण ती वरपर्यंत नीट पोचली नाही, हेसुद्धा त्यांनी लिहून ठेवलंय.

आणि नासाचं कोलंबिया हे अंतराळयान. १ फेब्रुवारी २००३. कल्पना चावलाचं नाव इथल्या प्रत्येक मुलीला पाठ आहे, तिच्यावर भाषणं होतात, पण ती कशी गेली ते विचारलं तर "यान जळालं" यापुढे गाडी जात नाही. त्या चौकशीचा अहवाल सात महिन्यांच्या आत जाहीर झाला. उड्डाणावेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला, हे त्यात आहेच. पण फोमइतकाच दोष त्यांनी संस्थेच्या वागण्याला दिला: आधीही फोम पडत होता, काही बिघडलं नव्हतं, म्हणून ते चालवून घेण्याची सवय लागली. धोक्याची गोष्ट एका सादरीकरणाच्या स्लाइडवर खालच्या ओळीत कशी गाडली गेली, तेसुद्धा अहवालात नमूद आहे. उद्या गगनयानात आपली माणसं बसणार आहेत. त्यांच्या घरच्यांना, आणि आम्हालाही, हे बघायचंय की आपल्याकडेही खालच्या ओळीतली गोष्ट वर येते.

गुप्ततेचा मुद्दा मला समजतो. रॉकेटचं तंत्रज्ञान आणि क्षेपणास्त्राचं तंत्रज्ञान एकाच घरातले भाऊ आहेत. मिश्रणाचं प्रमाण, झडपेचा आराखडा, आज्ञावलीच्या ओळी आम्हाला नकोत. त्यांच्यावर काळी पट्टी फिरवा. दुसरीकडेही फिरवतात. टीकेची भीती असेल, तर तीही खरी आहे. विक्रमच्या रात्री काही वाहिन्यांनी जे केलं, ते बघून मीही टीव्ही बंद केला होता. पण माहिती नसते तिथेच आरडाओरडा जास्त होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

शिवाय उघडं ठेवण्याचा फायदा आपण स्वतः घेतलाय. विक्रमचे अवशेष प्रथम ओळखले ते चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या अभियंत्याने, घरी बसून. कशावरून? नासाच्या चांद्र उपग्रहाने काढलेले फोटो सगळ्यांसाठी खुले होते म्हणून. आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून त्याने एक ठिपका शोधला, कळवला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये नासाने तो मान्य केला. तुम्हीही चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरची वैज्ञानिक माहिती खुली केली आहे, चांद्रयान-३ ची केली आहे. त्याबद्दल मनापासून आभार. मग अपयशाच्याच वहीला कुलूप का?

१० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ हे रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं आणि इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवनसाहेब स्वतः पत्रकारांसमोर बसले, हा किस्सा प्रत्येक शाळेत सांगितला जातो. मोठ्या मनाच्या साहेबाचा किस्सा म्हणून. त्याचा दुसरा अर्धा भाग सहसा कुणी सांगत नाही: दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली एक झडप बंद झाली नाही, नायट्रिक आम्ल गळून गेलं, म्हणून रॉकेट भरकटलं. कारण ठाऊक होतं, नोंदलेलं होतं, आणि १८ जुलै १९८० ला त्याच रॉकेटवरून रोहिणी हा उपग्रह कक्षेत गेला. चांद्रयान-३ बद्दल सोमनाथसाहेबांनी म्हटलं होतं की ते काय-काय बिघडू शकतं यावरून आखलं. उतरायची जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय दणकट केले, इंधन वाढवलं, पाचाऐवजी चार इंजिनं ठेवली, वेग मोजायला नवं लेसर उपकरण बसवलं. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ते उतरलं, तेव्हा मुलांबरोबर मीही बाकावर चढलो होतो. या प्रत्येक बदलामागे विक्रमची एकेक चूक आहे. तुम्ही त्या अभ्यासून पास झालात. ती वही आम्हालाही बघू द्या.

मागण्या सरळ आहेत:

१. चांद्रयान-२ च्या लँडरचा, म्हणजे विक्रमचा, अपयश-विश्लेषण अहवाल, संवेदनशील भाग झाकून, जाहीर करावा.

२. पीएसएलव्ही-सी६१ आणि सी६२ यांच्या चौकशीचे निष्कर्ष लोकांपुढे ठेवावेत.

३. यापुढे कुठलीही मोहीम फसली तर सहा महिन्यांत प्राथमिक कारण आणि वर्षभरात सविस्तर अहवाल, असा लेखी नियम करावा. मुदत पाळता आली नाही, तर का, तेही सांगावं.

४. प्रत्येक अहवालाचा चार पानी, आकृत्यांसकट सारांश मराठीसह सर्व भारतीय भाषांत द्यावा. मराठीचं काम आम्ही शिक्षक करू. मानधन नको, फक्त मूळ मजकूर द्या.

५. २३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनाला शाळांसाठी जे कार्यक्रम होतात, त्यात एक तास 'काय चुकलं होतं' यासाठी असावा. तो तास तुमच्याच अभियंत्यांनी घ्यावा. सेवानिवृत्त असले तरी चालतील. आमची मुलं प्रश्न फार विचारतात, एवढी पूर्वकल्पना देऊन ठेवतो.

तक्ता केलेली मुलगी आता नववीत गेली आहे. तक्ता शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटाशेजारी लावलाय. जानेवारीनंतर तिने खाली दोन नव्या ओळी आखल्या: सी६१ आणि सी६२. तारखा पेनने लिहिल्यात. 'काय चुकलं'च्या रकान्यात पेन्सिलीने 'तिसरा टप्पा, दाब?' असं लिहिलंय, आणि विक्रमच्या ओळीतल्या कात्रणाची टाचणी काढून तिथे नुसती यू-पिन लावून ठेवली आहे. पुढच्या २८ फेब्रुवारीला आम्ही तो तक्ता घेऊन खोडदला जाणार आहोत. त्याआधी तुमचा कागद आला, तर तो लगेच अडकवता येईल.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
जुन्नर तालुका, जि. पुणे